भोगीच्या दिवशीचा वारा

“नंदू, दमानं! पुढं वळण हाय!” आबा सगळ्यांच्या पुढून ओरडले.

नंदूकाकांना त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. वारा पाठीमागून होता, त्यामुळं आबांचा आवाज तोंडातून निघाला तो थेट पुढच्या गावाकडं गेला. नंदूकाका हँडलवरचे दोन्ही हात सोडून, मफलर फडकवत वळणावर आले आणि बांध ओलांडून सरळ हरभऱ्यात शिरले. सायकल एकीकडं, काका एकीकडं. उठले ते हरभऱ्याचे डहाळे हातात घेऊनच.

“मुद्दाम गेलो,” अंगावरची माती झटकत ते म्हणाले. “भोगीच्या भाजीला ओला हरभरा नको व्हय?”

आम्ही सगळे पोट धरधरून हसलो. त्या दिवशी हसायला कारण लागतच नव्हतं. विट्याहून निघाल्यापासून उगवतीचा वारा पाठीला असा लागला होता की पायडल मारायचंच काम नव्हतं. नुसतं बसायचं आणि जायचं. ज्वारीची ताटं आमच्याच दिशेनं वाकलेली, माळावरच्या पवनचक्क्या गरगर फिरत होत्या, आणि ‘फिरते चाक सायकल मंडळा’तला प्रत्येक जण आपण आता मोठ्या शर्यतीत उतरायला हरकत नाही, अशा विचारात होता. मीसुद्धा. एरवी चढ आला की खाली उतरून सायकल ढकलणारी मी, आज चढावर गाणं म्हणत होते.

“वारा पाठीशी असला की सगळंच पैलवान,” आबा म्हणाले. “येताना बगू.”

पण ते कोण ऐकतंय!

आबा म्हणजे माझे वडील, जनार्दन शेटे. उभा जन्म त्यांनी यंत्रमागावर काढला. आमच्या घरामागंच मागांचं शेड होतं, आणि त्या खडखडाटात माणसं तोंडानं बोलायची नाहीत, ओठांनी बोलायची. शेडच्या त्या टोकाला आई काहीतरी पुटपुटायची आणि आबा इकडून मान हलवायचे. मला लहानपणी ती जादूच वाटायची. मग आई गेली, आबांनी माग विकले, आणि एक दिवस माळ्यावरची जुनी सायकल काढून ते एकटेच फिरायला लागले. हळूहळू मागं माणसं जमली आणि मंडळ झालं.

मंडळाचा नियम एकच. समोरून वारा असला की सगळ्यांनी एकामागं एक ओळीनं चालवायची. पुढचा वारा खातो, मागच्यांना त्याचा आडोसा मिळतो. पुढचा दमला की हात वर करून बाजूला व्हायचं आणि त्याच्या मागच्याचा नंबर. नियम आबांनीच केलेला आणि मोडायचेही तेच. वारा समोर आला की ते पुढं जायचे आणि पोचेपर्यंत कुणाला नंबर द्यायचे नाहीत. कुणी मागितला तर म्हणायचे, “आसू दे. मला सवय हाय.”

त्यांच्या मागच्या चाकाला चाक लावून कायम एकच सायकल असायची, ती क्षीरसागर बाईंची.

बाई मुलींच्या शाळेत गणित शिकवायच्या. मलाही त्यांनीच शिकवलं होतं, आणि मार्कही बेताचेच दिले होते. काडीसारखं अंग, ताठ मान, लग्न केलेलं नाही, निवृत्त झाल्यावर सायकल शिकलेल्या. आबांना त्या नुसतं ‘शेटे’ म्हणायच्या. विट्यात आबांना असं म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी बाईंच्या पिशवीतून धपाटे निघायचे. ते सगळ्यांसाठी असायचे, पण जास्त भाजलेला खरपूस धपाटा आबांच्याच वाट्याला कसा यायचा, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. आबाही चढ संपला की उगाच चेन बघायला थांबायचे. चेनीला काही झालेलं नसायचं. बाई वर आल्या की चेन आपोआप बरी व्हायची.

“तुझ्या आबांची चेन,” यास्मिन माझ्या कानाशी लागून म्हणाली, “बाईंच्या वाटेवरच बिघडते गं.”

यास्मिन मुल्ला माझी शाळेपासूनची मैत्रीण. आम्ही दोघी शेपटाला. पण वारा पाठीमागून होता हे ती विसरली. पुढून बाई मागं न वळताच म्हणाल्या, “यास्मिन, मला सगळं ऐकू येतंय!” त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत अर्धवटच आलं, पण वर गेलेलं बोट बघून यास्मिननं जीभ चावली.

मला मात्र पुरतं हसू आलं नाही. माझं लग्न ठरायचं अडून बसलं होतं, आणि अडवणारी मीच होते. केदार नाशिकचा, पसंत होता, घरचेही चांगले. वर्षभर ते तारीख मागत होते आणि मी आज सांगते, उद्या सांगते करत होते. शेवटी त्याच्या आईचा फोन आला होता, “पौष संपला की तारीख धरायची, पोरी. संक्रांत झाली की काय ते कळव. हो म्हण नाहीतर नाही म्हण, पण बोल.” त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण मी नाशिकला गेले तर संध्याकाळी आबांना ‘जेवलात का’ म्हणून विचारणारं घरात कोण? त्यांना मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. बोलले असते तर “आसू दे, मला सवय हाय” म्हणाले असते, दुसरं काय!

आणि संक्रांत उद्यावर आली होती.

नंदूकाकांचं शेत हिंगणवाडीच्या शिवारात. काकू सकाळपासून चुलीपुढं होत्या. तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी, वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा घातलेली लेकुरवाळी भाजी, मुगाची खिचडी आणि लोण्याचा हा एवढा गोळा. आंब्याखाली ताडपत्री अंथरली होती, तिची चारी टोकं दगडांनी दाबली तरी ती वाऱ्यानं उचलत होती.

मी आणि बाई जरा बाजूला, बोराच्या झाडाखाली गाजरं चिरत बसलो होतो. चुलीचा जाळ, वाऱ्याची घरघर, नंदूकाकांची हरभऱ्यातली शौर्यकथा तिसऱ्यांदा चाललेली. आबा पलीकडं, पहिली गरम भाकरी हातात घेऊन उभे होते.

“रेश्मा,” बाई हळूच म्हणाल्या, “तुला म्हणून सांगते. संक्रांत झाली की मी बडोद्याला जातेय. भाच्याकडे.”

“किती दिवस?”

“दिवस कसले? घर भाड्यानं द्यायचं ठरवलंय. एकटीनं किती वर्षं कुलूप उघडायचं आणि लावायचं?”

माझी सुरी थांबली. “अहो पण बाई, मंडळ? सायकल?”

“सायकल यास्मिनला देईन.” त्यांनी गाजराचा एक तुकडा विनाकारण दोनदा चिरला. “इथंच राहा म्हणून अडवायला कुणी बसलंय थोडंच.”

मी मान वर केली. पलीकडं आबांनी हातातली भाकरी अर्धी खाऊन परत ताटात ठेवली होती.

“ओ शेटेअण्णा!” नंदूकाका ओरडले. “असं चालायचं न्हाई! न खाई भोगी तो सदा रोगी!”

“भूक न्हाई,” आबा म्हणाले आणि सायकलीची चेन बघायला गेले. या खेपेला चढसुद्धा नव्हता.

जेवण झालं, हुरडा झाला, काकूंनी सगळ्यांना बोरं बांधून दिली. मग परत निघालो, आणि पाणंदीतून बाहेर पडताच वाऱ्यानं आमची पैलवानी उतरवली.

उसाच्या मधून होतो तोवर कळलं नाही. माळाला लागलो आणि समोरून असा दणका बसला की नंदूकाकांची टोपी हिंगणवाडीला परत गेली. पायडल मारावं तर सायकल जागची हलेना. डोळ्यात माती, नाकात माती. सकाळी गाणं म्हणणारी मी आता देवाचं नाव घेत होते.

“आता समजलं व्हय, सकाळी कोण चालवत हुतं सायकली?” आबा पुढून म्हणाले, आणि ते वाक्य शेपटाला, माझ्यापर्यंत, शेजारी बसून बोलावं तसं आलं.

ओळ लागली. पुढं आबा, त्यांच्या मागं बाई, मग नंदूकाका, मग बाकीचे, शेवटी यास्मिन आणि मी. आबा मधूनमधून ओरडायचे, “खड्डा!”, “कुत्रं!”, “डावीकडून ट्रॅक्टर!” आणि सगळी ओळ बरोबर वाकायची. नंदूकाकांनी नंबर मागितला. आबांनी नुसती मान हलवली. मागून बघताना त्यांचा सदरा वाऱ्यानं फुगलेला दिसत होता आणि त्यात आबा पूर्वीपेक्षा बारीक वाटत होते.

ते बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. हा माणूस जन्मभर असाच एकटा वारा खात जाणार, बाई बडोद्याला जाणार, मी इथंच बसणार, आणि तिघंही म्हणणार, ‘आसू दे, मला सवय आहे’! मी ओळीतून बाहेर पडले. यास्मिन ओरडली, “कुठं चाललीस, वेडी का खुळी?” पण माझ्या अंगात कुठून बळ आलं कुणास ठाऊक. एकेकाला मागं टाकत, धापा टाकत मी आबांच्या शेजारी जाऊन भिडले.

“आबा!”

“मागं जा! नियम न्हाई!”

“बाई चालल्यात!”

त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलं. “काय?”

“बाई! बडोद्याला चालल्यात! कायमच्या!”

“वारा हाय! ऐकू येईना!”

मी घसा ताणला. “क्षीरसागर बाई! जाऊ देऊ नका त्यांना!”

“कुणाला?”

“बाईंना!”

“मी कोण अडवणार?”

“तुम्ही नाही तर कोण? लग्न करा त्यांच्याशी!”

“काय करू?”

“लग्न!”

“कुणाचं?” आबा माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते, सायकल मात्र रेषेत.

“तुमचं!” मी बेंबीच्या देठापासून ओरडले. “तुमचं आणि बाईंचं! त्या आवडतात तुम्हाला! तुमची चेन कधी बिघडत नाही, मला माहितेय! अख्ख्या विट्याला माहितेय!”

“आवडत्यात म्हणतीस?”

“आवडतात! आणि त्यांनासुद्धा तुम्ही आवडता! खरपूस धपाटा तुम्हालाच का मिळतो? आबा, तुम्ही असे एकटे राहिलात तर मी नाशिकला जायची नाही! सांगून ठेवते! आईनंसुद्धा हेच सांगितलं असतं!”

यावर आबांनी ‘काय’ म्हटलं नाही. त्यांनी तोंड पुढं फिरवलं.

तेव्हा मला जाणवलं की मागून कसलाच आवाज येत नाहीये. नंदूकाकांची बडबड बंद. कुणाचं खोकणं नाही, हसणं नाही. मी मागं वळून बघितलं.

सगळी ओळ माझ्याकडं बघत होती. नंदूकाकांचं तोंड उघडं ते उघडंच. अगदी शेपटाला यास्मिननं एक हात कपाळावर मारून घेतला होता. आणि आबांच्या चाकाला चाक लावून बाई. कानशिलापर्यंत लाल, नजर खाली, आबांच्या मडगार्डवर.

वारा! सकाळपासून तेवढंच तर बघत होते की पुढच्याचं बोलणं वारा कुठं नेतो ते. ‘खड्डा’ ऐकून शेपटाला मीच नव्हते का वाकत? आणि शेजारच्या एका माणसाला सांगायला म्हणून गेले आणि अख्ख्या मंडळाला ऐकवून आले, तेही बाईंच्या तोंडावर! धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. धरणीनं घेतलं नाही, नुसता एक खड्डा दिला, त्यात मी आदळले.

पवनचक्क्यांचा हू हू आवाज तेवढा येत होता. मग मागून घंटी वाजली, ट्रिंग ट्रिंग, अगदी शाळेच्या शिस्तीत.

“शेटे!” बाई जागेवरून उठून पायडल मारत आबांच्या बरोबरीला आल्या. “बाजूला व्हा. माझा नंबर.”

“बाई, वारा लई हाय.”

“दिसतंय मला. इतकी वर्षं तुमच्या आडोशानं आले. नियम मंडळाचाच ना? की फक्त दुसऱ्यांसाठी?”

आबा गडबडले. मी त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. मागाचा धागा तुटला तरी न गडबडणारा माणूस. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाईंकडं, आणि हात वर केला. आमच्या मंडळात हे पहिल्यांदाच घडत होतं. मागून नंदूकाकांनी शिट्टी ठोकली.

बाई पुढं गेल्या. एवढंसं ते अंग वाऱ्यात हेलकावत होतं, पण मान ताठ. आबा त्यांच्या मागं लागले. थोडं अंतर गेलं आणि आबा लहान पोरासारखं नवल करत म्हणाले, “आगं रेशमे… हिथं वाराच न्हाई की गं!”

मला रडायला आलं. हसायलाही आलं. इतकी वर्षं ही जागा त्यांनी दुसऱ्यांना दिली होती, आणि तिथं कसं वाटतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं.

“अण्णा, एवढ्याशा बाईंचा कसला आलाय आडोसा!” नंदूकाका ओरडले, पण वाऱ्यानं ते त्यांच्याच तोंडात परत घातलं.

पुढून बाईंचा आवाज आला. त्यांनी मागं बघितलं नाही. वर्गात फळ्याकडं तोंड करूनही शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल, असा तो आवाज.

“बडोद्याचं तिकीट मी रद्द करतेय!”

सगळी ओळ जागच्या जागी डुलली.

“धपाटे रोज मिळणार नाहीत! रविवारीच!”

“चालंल!” आबा म्हणाले. त्यांचा आवाज बाईंपर्यंत जायचा संभवच नव्हता. पण बाईंनी घंटी वाजवली, ट्रिंग.

“आणि रेश्मा शेटे!”

“हो बाई!” मी सवयीनं ओरडले.

“नाशिकला आज रात्री फोन झाला पाहिजे!”

मग जो गोंधळ झाला तो काय सांगू! मागं कुणी टाळ्या वाजवल्या आणि हात सुटल्यामुळं धडपडलं. यास्मिन पुढं येऊन चालत्या सायकलीवरून माझ्या गळ्यात पडायला बघत होती. नंदूकाकांनी काकूंनी दिलेली बोरं बाई आणि आबांवर अक्षतांसारखी उधळली. वारा समोरून होता, त्यामुळं सगळी बोरं त्यांच्याच डोक्यात आली. विटं कधी आलं ते कळलंसुद्धा नाही. चढही होता वाटेत, पण कुणी चेन बघायला थांबलं नाही.

फाल्गुनात दोन लग्नं झाली. आधी आबांचं, नोंदणी कचेरीत, साक्षीला सगळं मंडळ सायकलीवरून. मग माझं. पाठवणीच्या वेळी मी रडायला लागले तर बाई म्हणाल्या, “पुरे. त्यांना जेवलात का म्हणून मी विचारणार आहे.”

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गेल्या भोगीला मी पोरांना घेऊन विट्याला गेले होते. आबांचं वय झालंय, पण सायकल सुटलेली नाही. मी, आबा आणि माझी पोरं बाहेरच्या खोलीत बसलो होतो. टीव्ही मोठ्यानं लागलेला, त्यावर पोरांचा धुडगूस, माझं मलाही ऐकू येत नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून बाई दिसत होत्या. त्यांनी भाजीची चव घेतली आणि स्वतःशीच काहीतरी पुटपुटल्या.

“आसू दे,” आबा इकडून म्हणाले. “मीठ जास्त झालं तर बटाटा टाका दोन फोडी.”

बाईंनी मान हलवून बटाटा घेतला. त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही.

मी मात्र जागच्या जागी थिजले. डोळ्यांसमोर एकदम आमचं जुनं शेड आलं, त्या टोकाला पुटपुटणारी आई आली. मग बोराच्या झाडाखाली हळू बोलणाऱ्या बाई, आणि पलीकडं ताटात परत ठेवलेली अर्धी भाकरी. आणि मग ती सायकल, माझ्या तोंडाकडं टक लावून बघणारे आबा, आणि त्यांचं ते ‘काय?’, ‘कुणाला?’, ‘कुणाचं?’

मी टीव्ही बंद केला. पोरांना बाहेर पिटाळलं.

“आबा,” मी म्हटलं, “त्या दिवशी वाऱ्यात तुम्हाला सगळं कळत होतं. माझ्या पहिल्या शब्दापासून.”

आबा तिळगुळाच्या डब्याचं झाकण लावू लागले. ते आधीच लागलेलं होतं.

“मग काय काय म्हणून मला ओरडायला का लावलंत? घसा बसला होता माझा!”

आबांनी एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं. बाईंची पाठ होती.

“मागं त्या हुत्या न्हवं,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “मला माझ्या तोंडानं जन्मात जमलं नसतं. तू बोलायलीस, वारा बी त्यांच्याकडंच चाललेला. म्हटलं, पोरीला पुरतं बोलू द्यावं.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू.

“आबा,” मी म्हटलं, “लबाड आहात तुम्ही. पक्के लबाड.”

खोलीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती. खिडकीबाहेर पानसुद्धा हलत नव्हतं. आबांनी माझ्या तोंडाकडं टक लावून बघितलं आणि कानामागं हात धरला.

“काय?” ते म्हणाले. “ऐकू येईना. वारा हाय.”